बुडिताच्या काठचा मुक्काम

बा, तुझ्या तेरवीला आलेल्या माणसांनी जेवून हात धुतले, पान घेतलं, आणि निघताना जवळजवळ प्रत्येकाने मला एकच गोष्ट विचारली. कंडक्टर त्या पाण्यावर जाऊन करत तरी काय होता?

मी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. एकाला म्हणाले, हवापालट. दुसऱ्याला म्हणाले, मासे धरायचा. तू जन्मात एक मासा धरला नाहीस. तिसऱ्याला काय सांगितलं ते आठवतही नाही. मंडळी गेल्यावर याडी आईच्या हक्काने म्हणाली, तू तलाठी आहेस, लोकांना कागद काढून देतेस, आणि स्वतःच्या बापाचं एक धड सांगता येईना तुला. ती रागावली नव्हती. तिलाही सांगता आलं नसतं.

म्हणून हे तुलाच लिहिते आहे. तुझ्याबद्दल लिहायला बसले तर पुन्हा मासे वगैरे काहीतरी निघेल.

तू रिटायर झालास त्या हिवाळ्यात पहिल्यांदा गेलास. एसटीत बत्तीस वर्षं काढून माणूस घरी बसेल, बाजेवर पडून राहील, नातवंडांची वाट पाहील, असं आम्हाला वाटत होतं. दिवाळीनंतर धरणाचं पाणी मागे सरायला लागलं आणि तू एके सकाळी निळी ताडपत्री, दोन वेळूच्या काठ्या, सुतळी, चहाला एक गंज, तवा, वाकळ आणि पिठाची पिशवी सायकलला बांधलीस. कुठे, म्हणून याडीने विचारलं. तू म्हणालास, बुडितात. चौथ्या दिवशी परत आलास, दाढी वाढलेली, तोंड रापलेलं, आणि दोन दिवस भलताच खुशीत होतास. मग दर महिन्याला तेच. शिमग्यापर्यंत.

झोपडी कधी बांधली नाहीस. पाण्याच्या अगदी तोंडाशी कधी राहिला नाहीस, गुरांच्या वाटेवर नाही, दुसऱ्या माणसाच्या हाकेच्या अंतरावर नाही. एका जागी तीन रात्री, चौथी नाही. हे नियम तुला कोणी शिकवले ते मला ठाऊक नाही. मी डबा घेऊन आले तेव्हा एकदा तू मला जागा कशी निवडायची ते दाखवलंस. दुपारची वेळ होती, तू पुढे, मी चपला हातात घेऊन मागे. भेगाळलेल्या गाळावर पाण्याची जुनी रेघ कुठे आहे ते पाहायचं. वर वाळकी फांदी नाही ना ते पाहायचं. वारा कुठून येतो ते पाहायचं, आणि मुंग्या. शेवटी खाली बसून पाहायचं, कारण उभं राहून जागा सपाटच दिसते. तू मला बसायला लावलंस. मी बसले आणि म्हणाले, हा गट नंबर कितीचा आहे माहीत आहे का तुला. तू हसलास. मीही हसले, पण मी ते गमतीत विचारलं नव्हतं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, बा, आणि ते तसंच राहिलं.

मी म्हणायचे, धरणासाठी संपादन केलेली जमीन सरकारची. पाणी मागे सरल्यावर जी उघडी पडते तीसुद्धा सरकारची. गाळावर पीक घ्यायला, गाळपेराला घ्यायची तर अर्ज करावा लागतो. कोणी कुठेही ताडपत्री ठोकून राहू लागलं तर कसं चालेल? तू म्हणायचास, सरकार म्हणजे कोण, तूच ना? मग तू का येऊन झोपत नाहीस इथे? मी म्हणायचे, रविवारी गाड्या घेऊन येतात ती पोरं पाहा, बाटल्या आणि पत्रावळी टाकून जातात. प्रत्येक जण म्हणणार, मी चांगला. नियम सगळ्यांसाठी असतो.  त्या पोरांच्या बाटल्या तू पोत्यात भरून तुझ्या दोस्ताच्या, रफीकचाचाच्या गॅरेजवर आणून ठेवायचास हे मला माहीत होतं, म्हणून मी आणखी चिडायचे. आणि शौचाला खुरपं घेऊन जाण्याचा तो प्रकार. गावाला हागणदारीमुक्तीची पाटी लागली, त्या कार्यक्रमात मी स्टेजवर बसले होते. माझा बाप खुरपं घेऊन बुडितात जातो हे तिथल्या चार बायकांना ठाऊक होतं आणि त्या पदराआड हसत होत्या. हे मी तुला ओरडून सांगितलं, तर तू विचारलंस, तिथल्या संडासाला पाणी आहे का. नव्हतं.

तू का जातोस याचं कारण प्रत्येकाकडे तयार होतं. आपल्या बंजारा तांड्यातले म्हातारे म्हणत, रक्तात आहे. आपले पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून देशभर फिरले, जिथे पाणी तिथे मुक्काम केला, ते कुठे जाणार. मला ते ऐकायला बरं वाटायचं. तुला नाही. रफीकचाचाच्या गॅरेजवर कोणीतरी तेच बोललं तेव्हा तू म्हणालास, "मी लदेनीचा बैल पाह्यला नाही. माह्या बापानंही नाही पाह्यला. मी पास पाह्यले आन् तिकिटं." मग मी माझं कारण काढलं. अर्धी नोकरी तुझी मुक्कामी गाडीवर गेली, परगावच्या पाराजवळ गाडी लावून टपावर झोपण्यात. घराच्या छताखाली तुला झोप लागत नसणार. हे मी फार अभ्यास केल्यासारखं सांगितलं. तू म्हणालास, टपावर डास फार असायचे.

म्हणजे तेही नाही. मग काय?

आता ते लिहिते जे लिहायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, तक्रार आली. गाळपेराच्या तुकड्यांवरून दोन घरांत वाद होता, त्यातल्या एकाने दुसऱ्याला अडकवायला अर्ज दिला, की बुडित क्षेत्रात अतिक्रमणं झाली आहेत. सोबत फोटो. साहेबांनी तो मला दाखवला आणि उद्या जाऊन पंचनामा करा म्हणाले. फोटोत निळी ताडपत्री होती, आणि तिच्या कोपऱ्याला याडीने शिवलेलं लाल लुगड्याचं ठिगळ होतं. मी साहेबांना म्हणाले नाही की हा माझा बाप आहे. मी म्हणाले, हो सर.

दुपारचे तीन वाजले होते, बा. तुझा फोन बंद असायचा खरा, पण रफीकचाचाला सांगितलं असतं तर तो तासाभरात गाडीवर जाऊन तुला घेऊन आला असता. मी सांगितलं नाही. का नाही, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारते आहे. कधी वाटतं, नोकरी नवी होती, भीती वाटली. कधी वाटतं, मला ते भांडण जिंकायचं होतं. दोन्ही खरं असेल. दोन्ही नसेलही.

सकाळी दहाला आम्ही पोचलो. मी, कोतवाल आणि दोन पंच. तू विस्तवापाशी बसून चहा करत होतास. आम्हाला येताना पाहून उभा राहिलास. घरात आपण आयुष्यभर गोरबोलीत बोललो, तुझ्याशी मराठीत बोलल्याचं मला आठवत नाही. त्या सकाळी बोलले.

"ही जागा सरकारी आहे. तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे. आजच्या आज तुम्हाला इथून उठावं लागेल."

तू माझ्याकडे पाहिलंस. कोतवालाकडे पाहिलंस, तो खाली बघत होता, तो तुला ओळखत होता. मग तूही मराठीतच म्हणालास, "हाव. उठतो. चहा झालाच हाये, तेवढा घ्या."

पंचांनी घेतला. मी नाही घेतला. मी ड्युटीवर आहे म्हणाले. बापाला म्हणाले.

पाव तासात तू सगळं आवरलंस. काठ्या उपटल्यास, खड्डे पायाने बुजवलेस, राख ओल्या मातीत कालवून दाबलीस, पळसाची फांदी मोडून जमीन झाडलीस आणि सामान सायकलला बांधून कडेला उभा राहिलास, एखाद्या ऑफिसात सही घ्यायला आलेला माणूस उभा राहतो तसा. कोतवाल कागद पुढे करून म्हणाला, मॅडम, लिहायचं काय? लिहायला खरोखरच काही नव्हतं. 'सदर जागेवर कोणतेही अतिक्रमण आढळून आले नाही.' मी सही केली, पंचांनी केली. तू कोणालाही न विचारता सायकल ढकलत निघालास.

संध्याकाळी मी घरी आले तर तू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होतास. जेवलीस का, म्हणून विचारलंस. आपल्या बोलीत. मी नाही म्हणाले. एवढंच. त्या सकाळबद्दल तू पुन्हा एक शब्द काढला नाहीस आणि मी काढू दिला नाही.

तू गेल्यावर मी याडीला विचारलं, त्या दिवशी बा काय म्हणाला होता. ती म्हणाली, काही नाही, पण त्या रात्री ताटावरून उठला. अर्धी भाकर तशीच होती. मग मी रफीकचाचाला विचारलं. तो एका मोटरपंपात हात घालून बसला होता. तो म्हणाला, "बेटा, त्यानं मले दुसऱ्याच दिवशी येऊन सांगतलं. गॅरेजवर चार लोकं होते, सगळ्यायले सांगतलं. माह्या पोरीनं सख्ख्या बापाले उठवलं म्हने, आन् पाह्य, चेहऱ्यावर कसा उजेड होता त्याच्या."

मी त्याला पुन्हा विचारलं, नक्की? तो म्हणाला, अल्ला गवाह आहे.

एकाच माणसाने भाकर टाकली आणि अभिमानाने सांगतही फिरला. मी आजवर शेकडो जबाब नोंदवले असतील. दोन साक्षीदारांचं जुळलं नाही की एक खोटं बोलतो असं आम्ही धरून चालतो. याडी खोटं बोलत नाही. रफीकचाचाही नाही.

त्यानंतर तू माझ्या हद्दीत कधी मुक्काम केला नाहीस. पलीकडच्या काठाला जायला लागलास. इकडचा काठ तांड्यापासून चाळीस मिनिटांवर, पलीकडचा म्हणजे आधी बस, मग फाट्यावरून दीड तास कच्च्या रस्त्याने पायी, पाठीवर सगळं सामान. सायकल सुटली. मी एकदाच विचारलं, इकडे का नाही जात आता, कोणी काही म्हणणार नाही. तू म्हणालास, पाणी तेच आहे. मी त्या तीन शब्दांचा अर्थ लावत बसले. ते टोचून बोलणं होतं, की मला अडचणीत न आणण्याची काळजी, की खरोखर एवढंच होतं, की पाणी तेच आहे.

मागच्या महिन्यात तू तिकडून परत आलास तेव्हा दमलेला होतास. याडीने सांगितलं, दवाखान्यात जा. उद्या जातो म्हणालास. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून बुटाची लेस बांधताना पुढे झुकलास तो झुकलेलाच राहिलास. डॉक्टर म्हणाले हृदय, कोणाच्या हातात नव्हतं. मी त्यांना विचारलं, पाठीवर ओझं घेऊन दीड तास चालल्याने होऊ शकतं का. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी म्हणाले, पण होऊ शकतं का. ते म्हणाले, मॅडम, घरी जा.

तेरवीनंतरच्या रविवारी मी रफीकचाचाला म्हणाले, मला तिकडे घेऊन चला. त्याने गॅरेज बंद ठेवलं. फाट्यानंतर त्याची स्कूटर त्या रस्त्यावर इतकी उडत होती की दोनदा उतरून चालावं लागलं, आणि मला सारखं वाटत होतं, हे सगळं तू पायी. तिकडचा काठ इकडच्यासारखा नाही. इकडे उतार आहे, तिकडे मोठा सपाट माळ थेट पाण्यापर्यंत जातो, मध्ये हिवराची चारदोन झाडं. माणूस दिसला नाही. पाणी तेवढं दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे, अगदी बारीक, आपला काठ. माझी हद्द.

तुझी जागा मला सापडली नाही. खाली बसून पाहिलं, तू शिकवलंस तसं, तरी नाही. शेवटी रफीकचाचाने दाखवली. तो एक दिवस तुझ्यासोबत येऊन गेला होता. एका जागी थांबून त्याने एक दगड पलटवला, मग दुसरा, तिसरा. तिन्ही खालून काळे होते. चुलीचे दगड तू काळी बाजू जमिनीकडे करून पुन्हा जिथल्या तिथे ठेवून द्यायचास म्हणे. मी हात लावून पाहिला तर बोटाला काजळी लागली. रफीकचाचाने तिन्ही दगड पुन्हा होते तसे उलटे ठेवले.

तिथून थोड्या अंतरावर भोयांची दोन पालं होती, मासेमारीच्या दिवसांत राहायला येतात ते लोक. एक बाई जाळ्याच्या गाठी मारत बसली होती. सिंधूबाई तिचं नाव. रफीकचाचाला तिने ओळखलं आणि कंडक्टरभाऊ कुठे आहेत म्हणून विचारलं. तिला कोणी कळवलं नव्हतं. रफीकचाचाने सांगितलं. तिने जाळं बाजूला ठेवलं आणि डोक्यावर पदर घेतला. मग म्हणाली, "त्यायचं कोनीच नोतं ना मागं? मंग सारं कोनं केलं?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, कोणी नव्हतं असं कोण म्हणालं?

"थेच म्हनत. मी एकटाच हाव, ना घर ना दार."

रफीकचाचाने माझ्याकडे पाहिलं. पोरगी आहे मी त्यांची, एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण तू तिला दोन वर्षं एक सांगितलं होतंस, आणि तू नसताना तुला खोटं पाडायला मला जीभ उचलेना. मी म्हणाले, "गावानं केलं."

बा, बत्तीस वर्षं तुला रस्त्यावरचं प्रत्येक गाव ओळखत होतं. बाजाराच्या दिवशी आपण महागावला गेलो की चार पावलांवर कोणीतरी तुला थांबवायचं. म्हणून तुला कुठेतरी कोणाचाच नसलेला होऊन बसायचं होतं का? की त्या पंचनाम्याच्या सकाळी तुझ्या मनात मी खरोखरच मेले होते, आणि घरी येऊन शेंगा सोलणारा बाप हा फक्त सवयीचा होता? मी तिथे उभी राहून दोन्ही धरून पाहिलं. दोन्हींचं वजन सारखंच लागत होतं.

सिंधूबाईचा नवरा मोटरपंपाचं काहीतरी विचारायला आला आणि रफीकचाचा त्याच्याबरोबर होडीकडे गेला. मी निघायच्या बेतात होते. ती मला बसा म्हणाली. तुम्ही त्यांच्या गावच्याच का, तिने विचारलं. मी हो म्हणाले.

"मंग तुमाले माईत असन. तुमच्या तिकडं एक तलाठी मॅडम हाये ना?"

मी म्हणाले, आहे.

"भाऊच्या ओळखीची हाये म्हने. लय सांगत तिचं. कामाची सच्ची हाये, कोनाचं ऐकत नाही. पन झोप नाही म्हने तिले. रातभर आंगनात फिरते. होळी झाली का तिले घेऊन येतो म्हनत. बाईमानूस हाये, तं सिंधूबाई, तुमच्या नजरेसमोर जागा पाह्यतो."

मी रात्री अंगणात फिरते हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मला वाटायचं, सगळे झोपलेले असतात.

तिने हिवराच्या झाडाकडे बोट दाखवलं. झाडापासून जरा दूर, वर फांदी येणार नाही एवढ्या अंतरावर, एक तुकडा बाकीच्या माळापेक्षा वेगळा दिसत होता. एका माणसाला अंग टाकता येईल एवढा. सबंध माळभर दगड होते, तिथे नव्हते. शेवटच्या दिवशी भाऊंनी बसून वेचले, ती म्हणाली, अर्धा दिवस लागला. आम्ही म्हटलं, अजून होळीला वेळ आहे, कशाला घाई. तर म्हणाले, ती एकदा नाही म्हणाली की पुन्हा येणार नाही, जागा तरी चांगली पाहिजे.

ओळखीची, बा. ना घर ना दार असलेल्या माणसाच्या ओळखीची.  रफीकचाचाने लांबून हाक मारली तेव्हा उन्हं कलली होती. त्याला उजेड असेपर्यंत फाट्यावर पोचायचं होतं.

मी उठले. सिंधूबाईने पुन्हा जाळं मांडीवर घेतलं होतं.

"त्या मॅडमची भेट झाली तं सांगजा," ती म्हणाली. "जागा रिकामीच हाये म्हना."

सांगते, मी म्हणाले, आणि स्कूटरवर बसले.